अ. पा. क. : तीन अक्षरांमागील न्याय

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जमिनीचा सातबारा उतारा ज्यांनी बारकाईने वाचला असेल, त्यांच्या नजरेस ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे केव्हा ना केव्हा पडली असतील. ‘अज्ञान पालक कर्ता’ असा त्यांचा अर्थ. खातेदार वयाने लहान असून त्याच्या वतीने अमुक व्यक्ती कारभार पाहील, एवढेच सांगणारी ही नोंद. येथे अज्ञान म्हणजे मूढ नव्हे; ज्याची अठरा वर्षे पूर्ण झालेली नाहीत तो अज्ञान. वडिलांचे किंवा आईचे छत्र अकाली हरपलेल्या घरात ही तीन अक्षरे बहुधा येतात. ती उतरली की एका लेकराचे सर्वस्व दुसऱ्या कोणाच्या तरी सचोटीच्या हवाली झालेले असते.

ज्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हा मेळावा भरला आहे, तिला कायद्याच्या भाषेत न्यास म्हणतात. न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी सोपविलेली ठेव. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ हे दोन आहेत. पहिला म्हणजे खोटा दस्तऐवज करणे. दुसरा म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे. अज्ञान मुलांच्या मालमत्तेचे जे दावे न्यायालयांत चालतात, त्यांपैकी पुष्कळांचे सार या दोन शब्दांत मावते. म्हणूनच बालकाच्या हक्काचा विचार हा केवळ वकिलांचा विषय नाही. तो प्रत्येक घराचा आणि प्रत्येक न्यासाचा विषय आहे.

या विचारासाठी आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका बॅरिस्टरचे चरित्र मार्गदर्शक ठरते. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वीस वर्षे अज्ञान बालके आणि पडद्यातील विधवा यांचे हक्क राखण्यात वेचली. त्यांच्या कार्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्याला अखेर नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाशी, नर्मदेच्या काठी वसलेल्या मणिबेली या गावापर्यंत घेऊन जातो. प्रश्न असा : ज्या बालकाच्या नावावर काहीच नाही, त्याचा वाली कोण?

नाशिक ते ऑक्सफर्ड

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परीक्षेतील त्यांचे यश असे होते की, तेवढ्या गुणांवर एखाद्या विद्यार्थ्यास विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. ती त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या.

तो काळही ध्यानात घ्यावयास हवा. त्याच वर्षांत मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला गाजत होता. अजाणत्या वयात लावून दिलेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे एक तरुणी न्यायासनासमोर सांगत होती आणि अवघा महाराष्ट्र त्यावर वाद घालीत होता. संमतिवयाचा कायदा व्हावयास १८९१ साल उजाडले. त्याने ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, एवढेच. बालकाच्या वतीने कायद्याने बोलावे की कुटुंबाने, या प्रश्नाची धग त्या पिढीने सोसली होती.

इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमविली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता. १८८९ मध्ये सोराबजी ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल संस्थेत दाखल झाल्या. कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस स्त्री बसल्याचा दाखला तोवर नव्हता. परीक्षा घेण्यासही काचकूच झाली. अखेर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला आणि १८९२ मध्ये त्यांनी ती परीक्षा दिली. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देण्यास आरंभ केला तो १९२० मध्ये. सोराबजी यांच्या हाती ती पदवी १९२२ साली आली, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्एल. बी. आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही सनद मिळेना. काठियावाडसारख्या संस्थानी मुलखातील एजन्सी न्यायालयांत खास परवानगीने त्या उभ्या राहत. परंतु ब्रिटिश न्यायालयांची दारे बंद होती. ज्ञान होते, गरज होती, केवळ अधिकार नव्हता. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर कदाचित विलायतेस परतले असते. सोराबजींनी मात्र दार बंद असेल तर त्याच्या बाहेर कोण उभे आहे, हे पाहिले.

उंबरठ्यापलीकडे

बाहेर उभ्या होत्या त्या पडदानशीन स्त्रिया आणि त्यांची मुले. जमीनदार निवर्तला आणि वारस लहान असला की ती मालमत्ता ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ या सरकारी यंत्रणेच्या ताब्यात जाई. बंगालमध्ये यासाठी १८७९ चा कायदा होता. कारभारी नेमला जाई, सारा वसूल होई, हिशेब ठेवले जात. पण ज्याच्यासाठी हे सारे चालले, तो बालवारस आणि त्याची आई आतल्या महालात असत. परपुरुषास तेथे प्रवेश नव्हता आणि वकील तर सर्वच पुरुष होते. परिणामी त्या मायलेकरांचे म्हणणे बाहेर येई ते दिवाणजीच्या, दिराच्या किंवा भावाच्या तोंडून. म्हणजे ज्यांच्यापासून रक्षण हवे, बहुतेक वेळा तेच दुभाषे असत. पडद्याआडून पुढे आलेल्या हाताचा अंगठा कोणत्या कागदावर उठला, हे त्या हाताच्या मालकिणीलाही ठाऊक नसे.

येथे एक गोष्ट न्यायालयांच्या बाजूनेही नमूद केली पाहिजे. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिला वाचून दाखविला होता, तिला तो समजला होता आणि तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर राहील, असे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने आणि इथल्या न्यायालयांनी घालून दिले होते. तत्त्व उत्तम होते. मात्र स्वतंत्र सल्ला द्यावयास आत जाणार कोण?

१९०२ पासून सोराबजींनी विलायतेतील इंडिया ऑफिसकडे या एका मागणीचा पाठपुरावा केला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे महिला साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असा अफाट प्रदेश त्यांच्याकडे आला. रेल्वेने, होडीने, पालखीतून, प्रसंगी हत्तीवरून त्या प्रवास करीत. महालात गेल्यावर लगेच कागद पुढे करीत नसत. आधी बसत, मुलाबाळांची चौकशी करीत, आजारपण विचारीत. मग बोलता बोलता खरी हकिकत बाहेर येई. कोणाची पोटगी अडली होती, कोणाच्या दत्तकविधानास भाऊबंद आडवे आले होते, कोणा बालवारसाच्या जिवाची त्याच्या आईला रात्रंदिवस धास्ती होती. मुलांसाठी शिक्षक, आजाऱ्यासाठी वैद्यकीय मदत, विधवेसाठी नेमणुकीची रक्कम, सासू-सुनांमध्ये समेट अशी नाना कामे त्या करीत. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि बालके यांना त्यांच्या कामाचा आधार मिळाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आश्चर्य असे की, ज्या आश्रितांसाठी त्या अहवाल लिहीत, त्यांच्यासाठी न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्यांना या काळात जवळजवळ अखेरपर्यंत नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ मध्ये त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. १९२३ च्या कायद्याने स्त्री म्हणून कोणासही वकिलीपासून दूर ठेवता येणार नाही, असे ठरले. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन त्यांनी कलकत्त्यास वकिली आरंभिली, तेव्हा वय सत्तावन्नच्या घरात पोहोचले होते. त्याच सुमारास मिठान टाटा, पुढे मिठान लाम या नावाने प्रसिद्ध झालेल्या बॅरिस्टर, मुंबई उच्च न्यायालयात रुजू झाल्या. पारशी विवाह व घटस्फोटाच्या १९३६ च्या कायद्याच्या घडणीत त्यांचा सहभाग होता. एका बाईने सोसलेली वाट दुसरीला थोडी सोपी झाली.

सोराबजींच्या चरित्रात उणे नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यांची निष्ठा ब्रिटिश राजवटीवर होती. गांधीजींच्या असहकाराला त्यांनी विरोध केला. कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या १९२७ मधील पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली आणि त्यामुळे अनेक देशी सुधारक स्त्रिया त्यांच्यापासून दुरावल्या. ज्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सची त्यांनी सेवा केली, त्या यंत्रणेचा मूळ हेतूही बालकल्याण हा नव्हता. जमीनदारीचा सारा बुडू नये हा होता. बालकाला जहागीर होती म्हणून सरकारला त्याची काळजी होती. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा स्वतंत्र भारत त्यांना बराचसा विसरला होता. तरीही एक गोष्ट त्यांच्या नावावर कायम राहते. कायदा बालकाच्या बाजूचा असून भागत नाही, कोणी तरी उंबरठा ओलांडून त्याच्यापर्यंत गेले पाहिजे, हे त्यांनी कामातून दाखवून दिले.

कायदा कोठवर आला

आज कायद्याची स्थिती पुष्कळ सुधारली आहे आणि ती आपल्या समाजाला थेट लागू आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ हा जैन कुटुंबांनाही लागू होतो. त्याच्या आठव्या कलमानुसार आई किंवा वडील हे नैसर्गिक पालक असले, तरी अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. तसा व्यवहार झाल्यास मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो रद्द करून घेण्यासाठी दावा लावू शकते. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याचे नियम निराळे आहेत, म्हणून प्रत्येक प्रसंगी जाणकाराचा सल्ला घ्यावा. तेराव्या कलमाने बालकाचे हित हेच सर्वोपरी ठरविले आहे. वडिलांच्या हयातीत आई पालक होऊ शकते काय, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात निर्णय दिला आणि वडील लक्ष घालीत नसतील तर आईचे पालकत्व मान्य केले.

त्याहून जुन्या, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात तर एक फार मोलाची तरतूद आहे. मूल विचार करण्याइतके मोठे असेल, तर पालक नेमताना न्यायालयाने त्याची स्वतःची पसंतीही लक्षात घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे बालकाला विचारावे, ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहे. घराघरांत ती किती उतरली, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. भावाच्या निधनानंतर त्याच्या मुलांचा हिस्सा ‘आपण आहोतच की’ या शब्दावर विरून गेल्याची उदाहरणे कोणत्याही समाजाला नवी नाहीत. त्यात दरवेळी दुष्टपणा असतोच असे नव्हे. कित्येकदा केवळ आळस असतो. कागद होत नाही, हिशेब लिहिला जात नाही, मूल मोठे होते, आणि मग विचारणे हाच अपराध ठरतो.

मणिबेलीचा प्रश्न

आता ज्यांच्याकडे जहागीर नव्हती, त्यांच्याकडे वळावे लागेल. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सातपुड्याच्या कुशीतले, नर्मदेकाठचे आदिवासी गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी हा भाग धुळे जिल्ह्यात होता. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली आणि त्यांत पाण्याची झळ सर्वांत आधी लागली ती मणिबेलीला. १९९३ च्या पावसाळ्यात गावातील घरांपर्यंत पाणी आले. काही कुटुंबे गुजरातमधील पुनर्वसनाच्या जागी गेली. काही डोंगर चढून वर राहिली. धरण हवे की नको, हा या व्याख्यानाचा विषय नाही. विषय आहे तो त्या वादात दडलेल्या कौटुंबिक कायद्याच्या एका प्रश्नाचा.

नर्मदा पाणीवाटप लवादाने १९७९ मध्ये दिलेल्या निवाड्यात बाधित शेतकरी कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याची तरतूद होती. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुले आणि अवलंबून असलेली माणसे. सज्ञान मुलगा मात्र स्वतंत्र कुटुंब धरावा, असे निवाड्याने म्हटले. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तर स्वतंत्र कुटुंब. नसतील तर बापाच्या कुटुंबातील एक अवलंबी. सारी भिस्त एका जन्मतारखेवर! आणि जन्माची नोंद जेथे क्वचित होई, शाळा असली तरी ती कागदावर असे, तेथे वयाचा पुरावा आणावा कोठून? एकाच झोपडीतील दोन भावांपैकी थोरल्याला ‘कुटुंब’ म्हणावे आणि धाकट्याला नाही, हे ठरविण्याचे साधन एखादा अंदाजाने लिहिलेला आकडा असू शकत होते. सज्ञान मुलग्याच्या जमिनीच्या हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २००५ मध्ये त्या न्यायालयाने हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला.

मुलीचे काय? निवाड्याच्या त्या व्याख्येत सज्ञान मुलीचा उल्लेखच नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तो आपल्या लेकींना मिळाला. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार तो कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. मणिबेलीची लेक त्या दाराबाहेरच राहिली. शिवाय तेथील कित्येक कुटुंबे पिढ्यान्पिढ्या जी जमीन कसत आली, ती सरकारदप्तरी वनजमीन होती. म्हणजे सातबाऱ्यावर नावच नाही, मग ‘अ. पा. क.’ ही अक्षरे तरी कोठे उमटावीत? २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा हक्क मान्य करण्याची वाट उघडली आणि पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची तरतूद केली. ही फार मोठी सुधारणा होय. तथापि पाण्याखाली गेलेली वर्षे कोणत्याही पट्ट्याने परत येत नाहीत.

या काठावरही उंबरठा ओलांडणारी माणसे निघाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदाकाठच्या गावांत जीवनशाळा सुरू केल्या. मणिबेलीतही जीवनशाळा चालली. मुले स्वतःच्या बोलीतून शिकू लागली. शाळेच्या नोंदवहीत मुलाचे नाव, वय, आईबापांचे नाव चढले. शिक्षणाचा लाभ तर झालाच. पण ‘हे मूल आहे, ते या गावचे आहे आणि त्याचे वय इतके आहे’ असे सांगणारा एक कागद निर्माण झाला. कोलकात्याच्या बाजूला सोराबजी महालात जाऊन जे ऐकून लिहीत होत्या आणि सातपुड्यात एखादा तरुण शिक्षक हजेरीपटावर जे लिहीत होता, त्यांत वरवर काही साम्य दिसणार नाही. दोन्ही ठिकाणी घडत होते ते मात्र एकच : ज्याचे म्हणणे दुसराच कोणी सांगत होता, त्याची नोंद त्याच्यापाशी जाऊन केली जात होती.

आपल्या हाती काय

अशा चरित्रांचे कौतुक करून घरी परतणे सोपे असते. न्यासाच्या पन्नासाव्या वर्षी त्यापुढे एक पाऊल टाकता येईल. आपल्या समाजात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, निवृत्त महसूल कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत. महिन्यातून एक दिवस न्यासाच्या कार्यालयात बसून ज्या कोणा विधवेस, आजीस किंवा अनाथ मुलाच्या मामास कागद वाचून हवे असतील, त्यांना ते सावकाश, मराठीत वाचून दाखवावेत. वारसनोंद झाली काय, बँकेतील ठेव मुलाच्या नावावर आहे काय, जमीन विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घेतली काय, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. ही सोय केवळ आपल्या समाजापुरती नसावी. बाजारहाटाला आलेल्या आदिवासी बंधूसही तेथे विनासंकोच बसता आले पाहिजे. खानदेशातील आपल्या व्यापारी घराण्यांचा आणि सातपुड्यातील माणसांचा देण्याघेण्याचा संबंध जुना आहे. त्या संबंधात कागद बहुधा एकाच बाजूस वाचता येत असे, हेही स्मरावे.

बालकांच्या जन्माची नोंद वेळेवर करावी आणि करवून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून अनेक कामांचा पायाभूत पुरावा झाला आहे. म्हणजे ज्याचा दाखला नाही, त्याची वाट आता पूर्वीपेक्षाही बिकट. संकटातील मुलासाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. तो आपल्या घरातील मुलांनाही पाठ असावा. आणि घरात एखाद्या लेकराच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ लागलेच, तर पालकाने पहिल्या दिवसापासून एक वही घालावी, त्याचा पै-पैचा हिशेब तीत लिहावा आणि त्याच्या अठराव्या वाढदिवशी ती वही त्याच्या हाती द्यावी.

सोराबजींना पडद्याआड जाण्यासाठी सरकारी हुकूम लागला. आपल्याला शेजारच्या घरात जाण्यासाठी कोणाचाही हुकूम लागत नाही.